आयडब्ल्यूएल-२ : वरखाली होतं की!

आयडब्ल्यूएल-२ म्हणजे इंडियन विमेन्स लीगची, आपल्या महिला फुटबॉलची दुसरी फळी. ‘दुसऱ्या फळीत खेळून काही हाती लागत नाही, वरचे संघ ठरलेलेच’ असं या चर्चेत दोघांनी लिहिलंय. नाही पटलं. २०२३-२४ मध्ये आयडब्ल्यूएल-२ खेळून बंगालची श्रीभूमी आणि ओडिशाची नीता अकादमी वरच्या लीगमध्ये गेल्या. पुढच्या मोसमात दिल्लीची गढवाल युनायटेड आणि आपल्या शेजारची, गोव्याची सेसा. आणि त्याच मोसमात वरून घसरलं कोण? होप्स आणि चक्क ओडिशा एफसी, म्हणजे आदल्या वर्षीच्या विजेत्या! आता ‘ठरलेले’ कोणाला म्हणायचं? आपल्याकडचं एफसी कोल्हापूर सिटी २०१९-२० ला वरच्या लीगमध्ये खेळलं होतं, हेही विसरू नका.

मला खटकतं ते वेगळंच. या लीगपर्यंत पोचायची वाट राज्याच्या लीगमधून जाते, आणि तिथे सामने असे कोंबलेले असतात की पोरींना दम खायला वेळ नाही. माझी भाची डावी बचावपटू. गेल्या खेपेला सात दिवसांत चार सामने, त्यातले दोन भर दुपारी अडीचला. तिसऱ्यात गुडघा सुजला. फिजिओ कुठला असायला! मैदानाबाहेरच्या रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला, कॅरीबॅगेत घालून बांधला, आणि बाई चौथ्या सामन्याला परत उभ्या. पोरगी हौशी म्हणून ठीक, पण गुडघ्याला हौस कळत नाही ना.