दिवस मावळल्यावर बाण सोडावा का?

बार्शीरोडकर

गेले पाच आठवडे मी रोज संध्याकाळी रानात धनुष्याचा सराव करतोय, आणि तोही मुद्दाम दिवस मावळताना. यावरून घरात आणि मित्रांत दोन तट पडलेत. म्हणून विषय इथं मांडतो.

माझी मोठी बहीण अमेरिकेत मिशिगनला असते. दाजी तिथं परवाना काढून धनुष्यानं हरणाची शिकार करतात. १ ऑक्टोबरला तिथं धनुष्याचा हंगाम सुरू होतो आणि यंदा त्यांनी मलाही शिकाऊ परवान्यावर सोबत यायला सांगितलंय. तिथली पांढऱ्या शेपटीची हरणं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त हिंडतात. सूर्य मावळल्यानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीला कायद्यानं मुभा आहे. म्हणजे संधी आलीच तर ती भर उजेडात येणार नाही. मग भर उन्हात पोत्यावर बाण मारून तिची तयारी कशी होणार?

आमचं रान सोलापूरहून बार्शी रस्त्याला, नान्नजच्या अलीकडं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, साडेसहाच्या आत बांधावर उभं राहवत नाही. टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्या पोत्यात गच्च कोंबून निशाण केलंय, मागं मुरमाचा ढीग आहे. धनुष्य लाकडाचं, ४५ पौंड ताणाचं. त्याला नेम धरायला काही लावलेलं नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, पोत्यावरचा एकच ठिपका बघायचा, दोरी ओढली की मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकलं पाहिजे, की सोडायचं.

उजेडात माझी नजर सारखी बाणाच्या टोकावर जायची. दिवस मावळला की टोक दिसतच नाही, मग ती सवय आपोआप सुटते. उरतं ते अंगाचं भान: बोट ओठाला लागलं का, दोन्ही खवाटे मागं जवळ आले का, सोडताना डावा हात ढळला का. मावळतीनंतर पहिली दहा मिनिटं पंधरा पावलांवरचे माझे बाण दुपारपेक्षा एकमेकांच्या जवळ बसतात. हे मी वहीत लिहून ठेवलंय.

आदिपर्वात अर्जुनाची गोष्ट आहे. द्रोणांनी स्वयंपाक्याला सांगून ठेवलं होतं की अर्जुनाला अंधारात कधी जेवायला वाढू नकोस. एकदा तो जेवत असताना वाऱ्यानं दिवा विझला, तरी हात तोंडाकडंच गेला. तेव्हा त्याला कळलं की हे सवयीनं होतं, आणि तो रात्री सराव करू लागला. दोरीचा टणत्कार ऐकून द्रोण उठून आले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. मला यातलं मर्म असं वाटतं की डोळ्याला मदत कमी मिळाली तरच हात शिकतो. साधं धनुष्य वापरणाऱ्यानं निम्मा सराव तरी कातरवेळी करावा, असं माझं ठाम मत आहे.

गवताळ

ठाम विरोध. अर्जुनाची गोष्ट सांगितलीत, मग दशरथाचीही सांगा. अंधारात पाण्याचा आवाज आला, हत्ती पाणी पितोय असं त्याला वाटलं, बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. नेम अचूकच होता. समोर काय आहे हे त्याला दिसलं नव्हतं, एवढंच.

तुमच्या मांडणीत नेमका हाच धोका आहे. कंपाउंड म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्याला दोरीत नेम धरायला बारीक छिद्राचं पीप असतं. उजेड गेला की ते छिद्र काळं पडतं, त्यातून बघायची नेमाची पिन दिसत नाही आणि माणसाला थांबावंच लागतं. तुमच्या लाकडी धनुष्यात थांबवणारं काहीच नाही. सवयीनं हात चालत राहील आणि बाण सुटत राहील. पोत्याला त्याचं काही नाही. हरणाच्या बाबतीत मात्र खांद्यामागचा हृदय-फुप्फुसाचा तळहाताएवढा भाग आणि पोट यात फार अंतर नसतं, आणि कातरवेळी सगळं हरीण एकच करडा डाग दिसतो. डागावर नेम धरला की बाण डागाच्या मध्यावर जातो, म्हणजे पोटात.

दुसरं, दोरीचा आवाज बाणाच्या कितीतरी आधी पोचतो. पंधरा पावलांवर बाणाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात हरीण उडी घेण्यासाठी खाली दबतं. बाण वर लागला आणि जनावर पळालं, तर पुढचा माग अंधारात काढायचा. अनुभवी लोक जखमी जनावरामागं जाण्याआधी अर्धा तास थांबा म्हणतात. म्हणजे रात्रच झाली.

आणि जागेचा विचार केलात का? नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं. तो माळ तुमच्या बांधाला संपत नाही. काळवीट, खोकड, लांडगा यांची हिंडायची वेळ तीच. धनगराची मेंढरं वाडग्याकडं परततात तीही तेव्हाच. एक बाण ढिगावरून गेला तर तो कुठं गेला हे तुम्हाला सकाळपर्यंत कळणार नाही.

दृष्टी

मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. धनुष्यातलं मला कळत नाही, पण उजेडाबद्दल सांगते.

आपण एखाद्या ठिपक्यावर नजर रोखतो तेव्हा पडद्याच्या अगदी मधला भाग वापरतो. तिथं फक्त शंकूपेशी असतात आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी त्या मध्यभागी नसतातच. रात्री अंधूक चांदणीकडं टक लावून बघा, ती नाहीशी होते. नजर जरा बाजूला नेली की दिसते. म्हणजे "एकच ठिपका बघायचा" ही तुमची पद्धत आहे, त्या पद्धतीलाच अंधारात आधार उरत नाही. दंडपेशी पुऱ्या जाग्या व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मध्ये एकदा मोबाइल बघितला की पुन्हा सुरुवात.

लाल रंग सगळ्यात आधी काळा पडतो. बाणाची पिसं लाल असतील तर ती पांढरी करा, निदान बाण कुठं लागला ते कळेल.

आणखी एक. सोलापुरात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, कामापुरता संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. मिशिगनला सूर्य तिरका मावळतो, तिथली सांज लांबते. इथल्या विसाव्या मिनिटाचा उजेड आणि तिथल्या विसाव्या मिनिटाचा उजेड सारखा नाही. घड्याळ लावून केलेला सराव तिथं चुकेल.

ज्वारीवाला

आमच्याकडं रानडुकरं येऊलालीत, मका पार झोपवली. रात्री असंच धनुष्य घेऊन बसलो तर?

गवताळ

नका बसू, अण्णा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मारायचा प्रयत्न हीसुद्धा शिकारच. रानडुकराला मारायलाही वनखात्याची परवानगी लागते. आधी पंचनामा करून घ्या, नुकसानभरपाई मिळते.

सेटलमेंटचा

एवढं सगळं वाचलं. मी पारधी घरातला आहे, म्हणून लिहितो.

माझ्या आज्याकडं धनुष्य नव्हतं, फासे होते. तितर कुठल्या वाटेनं येणार हे तो दिवसा माती बघून सांगायचा. अंधार पडायच्या आत फास लावून झालेला असायचा, अंधारात तो काही करायचा नाही. काय अडकलं ते पहाटे जाऊन बघायचा, मादी असली तर सोडून द्यायचा. हे आमच्या घरात सांगितलं जातं.

इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातींवरच गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली, पुढं सोलापुरात तारेच्या कुंपणात आमची माणसं ठेवली. १९५२ ला कायदा गेला, शिक्का राहिला. आज माझा भाऊ तिन्हीसांजेला कुणाच्या बांधावरून नुसता चालत गेला तरी त्याला हटकतात. तुम्ही त्याच वेळी त्याच माळाला धनुष्य घेऊन उभे राहता आणि त्याला सराव म्हणतात. तुमच्यावर राग नाही. पण "कातरवेळी सराव करावा" असा सगळ्यांना सल्ला देताना हे लक्षात घ्या, की तो सल्ला सगळ्यांना पाळता येत नाही.

बार्शीरोडकर

दादा, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. "साधं धनुष्य वापरणाऱ्यानं करावा" असं सरसकट लिहिलं ते चुकलं.

गवताळ, जागेबद्दल तुमचं बरोबर. कालच निशाण हलवलं. आता विहिरीच्या पडक्या भिंतीकडं तोंड आहे, माळाकडं पाठ. पाचच बाण घेतो आणि पाचही हातात आल्याशिवाय पुढची फेरी नाही.

पण सराव बंद करणार नाही. तुम्ही म्हणता माझं धनुष्य थांबवत नाही. खरंय, म्हणूनच थांबायचं मला शिकावं लागणार, आणि दुपारच्या उन्हात ते कसं शिकणार? दृष्टीताईंचं वाचून वही पुन्हा काढली. दहाव्या मिनिटापर्यंत बाण एकमेकांच्या जवळ, पंधराव्याला वीतभर फाकलेले, अठराव्याला एक बाण पोत्याच्या बाहेर. आणि त्या अठराव्या मिनिटालाही मला वाटत होतं की ठिपका दिसतोय. तो दिसत नव्हता, तो कुठं आहे हे मला पाठ होतं. हे उमगलं तेव्हा अंगावर काटा आला.

म्हणून आता घड्याळ नाही. घरच्यांना पोत्यावर रोज वेगळ्या जागी पांढऱ्या दोऱ्याची फुली शिवायला सांगितलीय. फुलीचे दोन दोरे वेगळे दिसेनासे झाले की दोरी उतरवायची. दाजींनाही कळवलंय, की हरणाच्या खांद्याची रेघ दिसली नाही तर मी ओढणार नाही, मग कायद्याचा अर्धा तास उरलेला असो.

गवताळ

फुलीची युक्ती चांगली आहे, तुमच्या बाजूनं बोलेन असं वाटलं नव्हतं. शिकारीबद्दल मात्र माझं मत तेच. पोत्यावरची फुली तुमची वाट बघत थांबते. तिथं चार तास झाडावर बसून शेवटच्या पाच मिनिटांत हरीण आलं, शेजारी दाजी आहेत, हात थंडीनं आखडलेत, तेव्हा दोरी ओढलेली असताना ती न सोडता परत खाली आणायचा सराव किती वेळा केलाय? वहीत त्याचा रकाना आहे का?

बार्शीरोडकर

नाही. आज संध्याकाळपासून आखतो.