लाकडाच्या लेथमध्ये घरघर आणि टकटक

प्रश्न (लातूर): बाभळीचे पोळपाट उतरवतो. 1200 आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) वर हेडस्टॉक (लेथचा जॉब फिरवणारा भाग) घरघरतो, मधूनच टकटक. जॉब (लेथवर लावलेलं लाकूड) काढला तरी तेच. बेअरिंग गेलं का?

उत्तर (जालना): एवढ्यात बेअरिंगला हात लावू नका. प्लग काढून पट्टा उतरवा, मग नुसती मोटर चालवा. ती शांत असेल तर पुन्हा प्लग काढून स्पिंडल (हेडस्टॉकमधला फिरणारा दांडा) हाताने सावकाश फिरवा. खरखर लागली तर दोष बेअरिंगचाच. दोन्ही ठीक असतील तर पट्टा आणि पुली बघा. वेगाबरोबर टकटक वाढत असेल तर पुलीचा ग्रब स्क्रू (पुलीला दांड्यावर पकडणारा बिनडोक्याचा स्क्रू) ॲलन कीने (षट्कोनी चावीने) आवळा. लेथ बरेच दिवस बंद राहिला की पट्ट्यालाही बाक येतो, तोही ठोके देतो.

उत्तर (परभणी): बेअरिंग बदलायचंच झालं तर जुन्याचा नंबर बघूनच घ्या, पण दोन्ही बाजूंनी रबर सीलचं, भुसा आत जाता कामा नये. स्पिंडलवर चढवताना पाइप आतल्या कड्यावरच टेकवून ठोका. बाहेरच्या कड्यावर ठोकलं तर मार छर्ऱ्यांतून जातो, खळगे पडतात आणि नवं बेअरिंगही घरघरतं. इथेच बहुतेकांचं बिनसतं.

उत्तर (बीड): नुसती मोटरच गुणगुणत असेल तर ती चालू असताना व्होल्टेज मोजा. 230 च्या बरंच खाली असेल तर दोष वीजपुरवठ्याचा, लेथ उघडूच नका.