जुन्या डिझाइनची, पण खिशाला झेपणारी इलेक्ट्रिक गिटार: कोणती घ्यावी?

तारेवरची कसरत
नमस्कार मंडळी. चार वर्षं अकूस्टिक वाजवतेय, आता इलेक्ट्रिक घ्यायचं ठरवलंय. मन अडकलंय ते टेलिकास्टर, स्ट्रॅटोकास्टर आणि लेस पॉल या तीन जुन्या आकारांत. अस्सल फेंडर किंवा गिब्सन घ्यायची ऐपत नाही, आणि एवढ्यात येईल अशी चिन्हंही नाहीत. म्हणून स्क्वायर, एपिफोन, यामाहा आणि कधी नाव न ऐकलेल्या कंपन्यांच्या हुबेहूब दिसणाऱ्या गिटारींचे फोटो रात्र रात्र बघत बसते. फोटोत सगळ्याच सारख्या दिसतात!

थोडं ब्लूज, थोडं जुनं रॉक, बहुतेक वेळा घरी हेडफोन लावून वाजवणार. हात लहान आहेत, एफचा बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या तो) अजून रडवतो. पुढे किरकोळ दुरुस्ती स्वतः करायला आवडेल. नुसत्या दिसण्याला भुलतेय का मी? आगाऊ धन्यवाद.

पडदा बारावा
कसरतताई, दिसण्याला भुलण्यात काही वावगं नाही. जी बघून उचलावीशी वाटते तीच गिटार रोज वाजते. फक्त प्रत्येक आकाराला एक प्रश्न विचारा: हे डिझाइन स्वस्तात बनवलं तर त्याचं काय बिघडतं?

टेलिचं फारसं काही बिघडत नाही. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. 1950 साली त्याने जी गिटार आणली ती मुळातच कारखान्यात पटापट बनावी अशी होती. सपाट फळीतून कापलेली बॉडी, चार स्क्रूंनी बसवलेली नेक (गिटारीची मान), दोन पिकअप (तारांचं कंपन टिपणारे), संपलं. (तेव्हा नाव ब्रॉडकास्टर होतं. ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराच्या नावाचे ड्रम बाजारात होते, म्हणून 1951मध्ये ते बदलून टेलिकास्टर झालं.) तेव्हाच काटकसरीने आखलेल्या वस्तूची नक्कल आज स्वस्तात करायला फार तडजोड करावी लागत नाही.

गिब्सनची लेस पॉल 1952ची, पण घराणंच वेगळं. वरचा भाग कोरून फुगीर केलेला, नेक चिकटवून पक्की केलेली, डोकं (खुंट्यांचा भाग, हेडस्टॉक) मागे कललेलं. यातलं प्रत्येक काम वेळ खातं. किंमत खाली आणायची तर कुठेतरी कात्री लागणारच. ते वाघासारखे पट्टे असलेलं मेपल अनेकदा कागदाएवढ्या जाडीचं व्हिनियर असतं. दिसतं छान, आवाजाशी त्याचा संबंध नाही.

1954ची स्ट्रॅट या दोघींच्या मधली. बॉडीचे गोलावे आता मशीन सहज कापतं. गोची होते ती ट्रेमोलोची, म्हणजे दांडी दाबून सूर हलवणाऱ्या ब्रिजची (तारा बॉडीवर जिथे बसतात तो भाग). स्वस्त ब्रिजच्या धारा बोथट, खालचा ब्लॉक हलका, दांडी दोनदा दाबली की सहाही तारा आपापल्या गावाला. दांडी वापरायची नसेल तर मागच्या झाकणाखालचे दोन लांब स्क्रू पिळून स्प्रिंगा ताणा, ब्रिज बॉडीला टेकवा आणि विसरून जा.

खर्ज
वरच्या प्रतिसादाशी निम्मा सहमत. टेलिची शिफारस जो तो करतो, पण ज्याच्या कानात लेस पॉल बसलीय त्याला टेलि दिली तर तो सहा महिन्यांत ती विकतो. मी तेच केलं.

ताई, लेस पॉलच हवी असेल तर तिची गरीब बहीण बघा: ज्युनिअर. 1954 साली गिब्सनने शिकाऊ लोकांसाठीच ती काढली. सपाट फळी, ब्रिजपाशी एकच पी-90 पिकअप, दोन बटणं. कोरलेला घुमट नाही की पट्टे नाहीत. म्हणजे तुमच्या भाषेत, पडदेसाहेब, ही मुळातच स्वस्त होती! एपिफोन ती बनवते, आणि दोन पी-90वाली स्पेशलही. पी-90 हा सिंगल कॉइलच (तारेच्या एकाच वेटोळ्याचा), पण आवाज भरदार आणि जरा खरखरीत. ब्लूजला याहून काय हवं.

आता माझं रडगाणं. पहिली लेस पॉल नक्कल घेतली होती (कंपनीचं नाव घेत नाही), ती स्टँडवरून आडवी झाली. पंख्याची वायर पायात आली, बाकी काही नाही. गालिच्यावर पडली तरी डोकं नटच्या (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) मागे कटकन गेलं. कारण साधं: डोकं मागे कललेलं असतं, त्यामुळे लाकडाचे तंतू तिथे तिरके कापले जातात, आणि नेमकं तिथेच ट्रस रॉडची (नेक सरळ ठेवणाऱ्या सळईची) खोबण कोरलेली असते. पुढच्या वेळी मी नेकच्या मागच्या बाजूला बोट फिरवून सांधा शोधला. बऱ्याच स्वस्त गिटारींत डोकं वेगळ्या तुकड्याचं, तिरका सांधा देऊन चिकटवलेलं असतं. लोक त्याला नाकं मुरडतात, पण तो अखंड लाकडापेक्षा तिथे जास्त टिकतो.

सोल्डरचा धूर
हेडफोन लावून घरी वाजवणार, मग गुणगुण नक्की ऐकू येणार, हे आधीच सांगून ठेवतो. सिंगल कॉइल पिकअप विजेच्या वायरिंगचा 50 किंवा 60 हर्ट्झचा गुंजारव पकडतो. टेलि, स्ट्रॅट, पी-90 सगळ्यांना हे लागू. कॉम्प्युटरसमोर बसलात की वाढतो, खुर्ची थोडी वळवली की निम्मा होतो. कुठल्या कोनात गप्प बसतो ते दोन दिवसांत कळतं. गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन उलट गुंडाळलेल्या कॉइल जोडून यावर उपाय काढला, 1957पासून तो हंबकर लेस पॉलमध्ये आला.

स्वस्त गिटारीत आत काय असतं हे विचाराल तर: हलके पॉट (बटणांखालचे फिरते भाग), बारीक स्विच, आणि बहुतेकदा सिरॅमिक चुंबकाचे पिकअप. सिरॅमिक म्हणजे वाईट असं नाही, जरा तिखट आणि चढे वाजतात इतकंच. आवाज फुटका वाटला तर आधी स्क्रूने पिकअप एखादा मिलिमीटर खाली घ्या. फुकटचा इलाज आहे. माझ्या अनुभवात आधी पॉट आणि जॅकच दगा देतात. बदलताना सिंगल कॉइलला 250 किलोओहम, हंबकरला 500, ही साधारण रीत.

आणि कृपा करून गिटारीच्या किमतीचे पिकअप गिटारीत घालू नका. नाकापेक्षा मोती जड. आधी सेटअप (तारांची उंची, नेकचा बाक नीट करणं), मग तारा, मग नट, आणि तरीही जीव तळमळला तर पिकअप.

दुरुस्ती स्वतः करायचीय म्हणून सांगतो. टेलिची दोन बटणं आणि स्विच एका लोखंडी पट्टीवर असतात, दोन स्क्रू काढले की सगळं हातात. स्ट्रॅटला तारा उतरवून अख्खा पिकगार्ड (पुढचं झाकण) उचलावा लागतो. आणि गिब्सन ईएस-335च्या जातीची अर्धपोकळ गिटार चुकूनही पहिली घेऊ नका. बिघडलेला पॉट एफ आकाराच्या भोकातून दोरा बांधून बाहेर ओढावा लागतो, आणि परत आत सोडताना तोच दोरा सुटतो. एक अख्खी संध्याकाळ गेली होती माझी.

कोमल निषाद
लहान हातांबद्दल कोणीच बोललं नाही अजून. माझेही लहान आहेत, म्हणून.

फेंडर घराण्याची स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी) 25.5 इंच, म्हणजे सुमारे 648 मिमी. गिब्सनची 24.75, साधारण 629. दोन सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही, पण त्याच जाडीच्या तारा गिब्सन स्केलवर सैल लागतात, बोटांना सुटका वाटते. अजून छोटी हवी तर 24 इंचांची मस्टँग आहे, 1964ची, तीही शिकाऊंसाठीच निघालेली. स्क्वायरमध्ये मिळते.

पण स्केलपेक्षा बारेला जास्त नडतो तो नट. खाचा उथळ कापल्या असतील तर पहिल्या पडद्यापाशी (फ्रेटपाशी) तारा उंच राहतात आणि एफ दाबताना मनगट मोडतं. तुमचा दोष नसतो, गिटारीचा असतो. तिसऱ्या पडद्यावर तार दाबून बघा: पहिल्या पडद्यावर तारेखाली केसाएवढी फट दिसली पाहिजे. चांगली मोठी दिसली तर नटाची खाच खोल करून घ्यायला हवी.

माझी स्वतःची यामाहा पॅसिफिका 112व्ही. दिसायला स्ट्रॅटची चुलत बहीण, ब्रिजपाशी हंबकर, टोनचं बटण ओढलं की तो अर्धा होऊन सिंगल कॉइलसारखा वाजतो. तुमच्या यादीत अस्सल नक्कल हवीय म्हणून ती बसत नाही, पण हातात घेऊन बघाच. जुन्या आकाराचा हट्ट नसता तर मी याशिवाय दुसरं नावच घेतलं नसतं.

तारेवरची कसरत
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! ज्युनिअर माहीतच नव्हती. दोन शंका.

१. या नकला करायला परवानगी कशी असते? उद्या कोणी चोरीचा माल म्हणेल.
२. एका गिटारीचा फिंगरबोर्ड 'लॉरेल' लिहिलाय, दुसरीचा शिसवी. लॉरेल म्हणजे कमअस्सल का?

पडदा बारावा
१. स्क्वायर फेंडरचीच आहे आणि एपिफोन 1957पासून गिब्सनची, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. बाकीच्यांसाठी मेख डोक्यात आहे, शब्दशः. 1977 साली गिब्सनच्या मालक कंपनीने अमेरिकेत आयबानेझच्या वितरकावर दावा लावला तो उघड्या पुस्तकासारख्या दिसणाऱ्या हेडस्टॉकवरून. प्रकरण बाहेरच मिटलं. 2009 साली अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने स्ट्रॅट आणि टेलिच्या बॉडीचे आकार फेंडरच्या एकटीच्या नावावर करायला नकार दिला, इतकी वर्षं सगळेच बनवत होते म्हणून. म्हणून बॉडी डिट्टो आणि डोकं मात्र विचित्र अशा गिटारी दिसतात. ते विचित्र डोकं हेच इमानदारीचं लक्षण. भीती त्यांची बाळगा ज्यांच्या डोक्यावर 'गिब्सन' लिहिलंय आणि किंमत एपिफोनपेक्षा कमी आहे. ती नक्कल नव्हे, फसवणूक.

२. नाही. 2017मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांची बंधनं आली, तेव्हा बऱ्याच कंपन्या लॉरेल आणि तत्सम लाकडांकडे वळल्या. 2019च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली, पण तोवर लॉरेल रुळलं होतं. कोरडं, फिकट दिसलं तर थोडं लिंबाचं तेल (फिंगरबोर्डसाठी मिळतं ते, स्वयंपाकघरातलं नव्हे) चोळा.

खर्ज
एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, म्हणून शक्यतो हातात घेऊनच घ्या. ॲम्प लावूच नका आधी. तळहात नेकच्या कडेने वरपासून खालपर्यंत फिरवा, पडद्यांची टोकं टोचली तर लाकूड सुकून आकसलंय. मग प्रत्येक तारेचा प्रत्येक पडदा सावकाश वाजवा. एखाददुसरी खरखर सेटअपने जाते, पण एकाच जागी स्वर मेला आणि पुढचा ठणठणीत असेल तर त्याच्या पुढचा पडदा उंच बसलाय. ती खाली ठेवा, शेजारची मागा.

सोल्डरचा धूर
+१. आणि बाराव्या पडद्यावर जाड तार दोनेक मिमी, बारीक दीड मिमी उंच असली की पुष्कळ. यापेक्षा खाली आणायच्या नादात सगळा दिवस जातो.

तारेवरची कसरत
उशिरा येतेय, पण खबर घेऊन. तीन दुपारी घालवून सात गिटारी वाजवल्या. लेस पॉल मांडीवर घेतली आणि दहा मिनिटांत मांडीला मुंग्या आल्या, एवढी जड होती. ज्युनिअर हलकी होती, आवाजाने तर वेडच लावलं, पण त्या एकुलत्या एका नगाचा नववा पडदा मेलेला. शेजारची मागितली, शेजारची नव्हतीच.

शेवटी स्क्वायरची क्लासिक व्हाइब टेलि घेतली, पाइनच्या लाकडाची, लोण्याच्या रंगाची. कोमल निषाद, नटाची परीक्षा तिथेच केली, समोरचा माणूस जरा बावचळला. फट केसाएवढी! एफ अजून स्वच्छ येत नाही, पण आता सहातल्या पाच तारा बोलतात.

एक भानगड आहे. तिसरी (G) तार सुरात लावली तरी एकदा ताणली की उतरते, आणि लावताना नटापाशी 'टिक' असा आवाज येतो. खुंटी ढिली आहे का?

सोल्डरचा धूर
खुंटी नाही, तार नटाच्या खाचेत अडकतेय. तार सैल करून बाजूला घ्या, मऊ पेन्सिलीचं टोक खाचेत चार-पाच वेळा घासा, तार परत बसवा.

तारेवरची कसरत
घासलं. टिक गेली. कंपासपेटीतली पेन्सिल मुलाला परत दिली नाहीये अजून.