मदत हवी आहे : पीतज्वरात पेशंट हाताबाहेर जाणार हे आधी कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी. मी मिरजेत मेडिसिनची रेसिडेंट. पीतज्वरावर (यलो फीव्हर, डासांतून पसरणारा विषाणूचा ताप) सेमिनार द्यायचाय, पण आपल्याकडे हा ताप नसल्याने पेशंट पाहिलेलं कुणी भेटेना.

ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या २०१८ च्या साथीत दाखल झालेल्यांमध्ये जास्त वय, वाढलेले न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), चढलेलं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), हजारांत गेलेलं एएसटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि जास्त व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) मृत्यूशी जोडलेले दिसले. व्हायरल लोड सोडा, तो इथे कोण करणार! बाकीचं सांगलीतल्या कुठल्याही लॅबमध्ये होतं. आपल्याकडच्या लेप्टोतही (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूचा ताप) पीतज्वरासारखीच कावीळ होते, किडनी बसते. पण एएसटी एवढं सहसा चढत नाही.

आफ्रिकेत किंवा ब्राझीलमध्ये काम केलेलं कुणी आहे का इथे? दाखल करताना तुम्ही आधी काय बघायचात? लघवी कमी होण्याआधी काही सुगावा लागतो का?