फिफ्थ-व्हील ओढायला एफ-१५० पुरेल का?

डेन्व्हरची_मनू: आम्ही चौघं, दोन मुलं धरून. उन्हाळ्यात मोआब, ग्रँड टीटन वगैरे करायला फिफ्थ-व्हील, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यात जोडून ओढायचा राहण्याचा मोठा ट्रेलर, घेतोय. भरून जास्तीत जास्त १२,००० पौंड. ट्रक आहे फोर्डचा एफ-१५० पिकअप, साडेतीन लिटर इकोबूस्ट इंजिनाचा. ब्रोशरात १३,००० च्या वर ओढतो म्हटलंय, सेल्समन म्हणतो "आरामात". नवरा तर ट्रेलरचे पडदेसुद्धा निवडून बसलाय. कोणाला अनुभव?

टेक्ससचा_तात्या: ओढेल हो ताई, पेलणार नाही. ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर टायरच्या माहितीचं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते लिहिलेलं असतं. तो आकडा टाका. ब्रोशर सगळ्यांचं असतं, स्टिकर तुमच्या ट्रकचं.

डेन्व्हरची_मनू: १,६४०.

टेक्ससचा_तात्या: मग विषय संपला. फिफ्थ-व्हीलचं नाक थेट बेडमध्ये, म्हणजे ट्रकच्या मागच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या डोक्यावर टेकतं. ट्रेलरच्या वजनाचा २० ते २५ टक्के भार तिथे येतो, म्हणजे तुमचा २,४०० ते ३,०००. ट्रेलर जोडायच्या हिचचे दीड-दोनशे, तुम्ही चौघं साधारण साडेपाचशे, वर कुकर, सायकली आणि पोह्यांचे डबे. ३,२०० सहज. डीलर पिनचं (ट्रेलरच्या नाकातल्या जोडणीच्या खिळ्यावरचं) वजन रिकाम्या ट्रेलरचं सांगतो, त्यावर जाऊ नका. नुसतं ५० गॅलन पाणी भरलं तरी चारशे पौंड वाढतात.

गाडीवेडा_पुणेरी: एवढं कशाला? एफ-२५० डिझेल घ्या, प्रश्न मिटला.

टेक्ससचा_तात्या: नाही मिटत. डिझेल इंजिन जड, आणि २५० ला पुष्कळदा ट्रक आणि त्यावरचा भार मिळून एकूण वजनाची मर्यादा १०,००० पौंडांवर बांधलेली. वरती चामड्याच्या सीटा, सनरूफ घेतलं की पेलोड, म्हणजे ट्रक पेलू शकतो तो भार, कित्येकदा दोन-अडीच हजारांवर येतो. त्यापेक्षा एफ-३५०, मागे एकेरी चाकंवाला. दुहेरी चाकांची या वजनाला गरज नाही आणि पार्किंगमध्ये डोक्याला ताप. रॅम कंपनीचा ट्रक घेणार असाल तर ३५०० बघा, २५०० ला मागे पट्ट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगा असतात, त्या लवकर बसतात.

पेट्रोलचा ३५० स्वस्त पडेल, पण तुम्ही कोलोराडोत आहात. त्याला टर्बो नसतो, आणि टर्बो नसलेलं इंजिन उंचीच्या दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद घालवतं, आणि आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे तिसरा हिस्सा गेलाच. पुढे सिल्व्हरथॉर्नकडच्या उतारावर ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रॅम्प बांधलेत, ते उगाच नाही. अशा ठिकाणी डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग कमी करणारा, लागतो. इथे ह्यूस्टनच्या सपाटीवर मी पेट्रोलच म्हटलं असतं.

डेन्व्हरची_मनू: नवऱ्याला स्टिकर दाखवलं, तोंड एवढंसं झालं. जुना ३५० डिझेल बघतोय. आठ फुटी बेड आमच्या ड्राइव्हवेत मावणार नाही, पावणेसात फुटीच हवा. मग वळताना ट्रेलर केबिनला लागू नये म्हणून मागे सरकणारा स्लायडर हिच घ्यावा, तर हाताचा की ऑटोमॅटिक?

टेक्ससचा_तात्या: काही ट्रेलरांचं नाक पुढे कोपऱ्यात कापलेलं असतं. तसं असेल तर कदाचित स्लायडर लागणारच नाही. आधी पिनपासून ट्रेलरच्या कोपऱ्यापर्यंत आणि पिनपासून केबिनपर्यंत मोजा. लागलाच तर हाताचा स्वस्त, पण काटकोनात मागे घेण्याआधी आठवणीने सरकवावा लागतो, नाहीतर ट्रेलरचा कोपरा मागच्या काचेत. ऑटोमॅटिक आपोआप सरकतो, मात्र वजनाला जास्त. तेही पेलोडातून वजा करा.