म्युटेशन नाही, तरी जनुक बंद कसं?

प्रश्न असा आहे की यकृताच्या कर्करोगाच्या गाठीत जनुक शाबूत असूनही बंद कसं पडतं. म्युटेशन म्हणजे डीएनएच्या अक्षरांत बदल; इथे ती अक्षरं तीच राहतात. पण प्रमोटरमधल्या (जनुक सुरू करणाऱ्या भागातल्या) सायटोसिन या अक्षरावर मिथाइल गट हे छोटे रासायनिक गट चढतात (यालाच मेथिलेशन म्हणतात) आणि जनुक वाचलंच जात नाही. हिपॅटायटिस बी विषाणूचं एचबीएक्स प्रथिन हे गट चढवणारी विकरं वाढवतं, मग पी१६ जनुकासारखे पेशींच्या वाढीचे ब्रेक निकामी होतात. उलट, जन्मानंतर शांत झालेलं एएफपीचं (अल्फा-फीटोप्रोटीन, गर्भाच्या यकृतात बनणारं प्रथिन) जनुक पुन्हा जागं होतं. पण सगळ्याच गाठींत नाही! म्हणून सिरोसिस (यकृतावर कायमचे व्रण) असेल तर रक्तात एएफपी नॉर्मल आली तरी दर ६ महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नये.

मेथिलेशनच्या तपासणीत घोळ होतो तो बायसल्फाइट या रसायनाच्या पायरीत. त्याने मिथाइल नसलेलं सायटोसिन बदलून युरॅसिल हे दुसरं अक्षर होतं, मिथाइल असलेलं तसंच राहतं. क्रिया अर्धवट राहिली की न बदललेलं सायटोसिनही मिथाइल असलेलं समजलं जातं आणि मेथिलेशन फुगून दिसतं. तुलनेला गाठीशेजारचा सिरोसिसचा भाग घेतला तर फरक कमी दिसेल, कारण तिथेही मेथिलेशन आधीच वाढलेलं असतं.

जनुकांची अभिव्यक्ती (जनुक किती वाचलं जातंय ते) मोजायची असेल तर नागपूरच्या मे महिन्यात बायोप्सीचा तुकडा टेबलावर राहिला की आरएनए (जनुक वाचून बनलेली प्रत) गेलंच समजा. तो लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाका. पॅथॉलॉजीचा तुकडा वेगळा, १० टक्के फॉर्मालिनमध्ये.