साखर १४८ पण कीटोन १.८, हे कसं काय?

नमस्कार. मदत हवी आहे.

लेक चौदा वर्षांची, टाईप १ मधुमेह. परवा ताप आला, काल सकाळी उलट्या सुरू झाल्या. साखर १४८ होती म्हणून जरा हायसं वाटलं, पण आजारपणात रक्तातले कीटोन (चरबी जळताना बनणारे आम्ल पदार्थ) बघायचेच असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून तेही केले. १.८! लगेच फोन लावला. त्यांनी सांगितलं तसं इन्सुलिन आणि सोबत घोट घोट साखरपाणी देत राहिलो. संध्याकाळी ०.४ आले, आता ती जेवतेय.

पण साखर वाढल्याशिवाय कीटोन वाढतात कसे? आणि रक्तात ०.४ असताना लघवीतले कीटोन बघायची पट्टी गडद जांभळी, म्हणजे भरपूर कीटोन दाखवणारी, का?

प्रतिसाद

आधी रक्तातल्या कीटोनचे आकडे. ०.६ च्या खाली ठीक. १.५ पर्यंत थोडे वाढलेले, दोनेक तासांनी पुन्हा बघायचे. त्यापुढे कीटोॲसिडोसिसचा (कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होण्याचा) धोका, डॉक्टरांना फोन हवाच. ३ किंवा जास्त असेल तर थेट हॉस्पिटल. उलट्या थांबत नसतील, धाप लागली, पोट दुखत असेल किंवा गुंगी येत असेल तर आकडा कितीही असो, निघायचं.

पोटात अन्न टिकत नाही तेव्हा यकृतातला साखरेचा साठा संपत येतो, म्हणून रक्तातली साखर फार चढत नाही. त्यात तापामुळे इन्सुलिन जास्त लागतं. ते कमी पडलं की शरीर चरबी जाळतं आणि त्यातून कीटोन होतात. म्हणून दोन्ही दिलं: चरबी जळणं थांबायला इन्सुलिन, आणि त्याने साखर खाली जाऊ नये म्हणून साखरपाणी. खाणं नाही म्हणून बेसल (जेवणाशी संबंध नसलेलं, दिवसभर लागणारं) इन्सुलिन बंद करायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

पट्टीचं म्हणाल तर रक्ताचं मीटर बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजतं, लघवीची पट्टी ॲसिटोॲसिटेट. हे दोन वेगवेगळे कीटोन. बरं होताना पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर होतं, म्हणून पट्टी गडदच राहते. शिवाय ती लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठलेली. मी तरी रक्ताचाच आकडा धरते.

आणखी एक प्रतिसाद

टाईप २ मधुमेहवाल्यांनीही वाचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे साखर २०० च्या आत असूनही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. आजारपणात गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

धागाकर्ती

खूप आभार, आता उलगडलं. साखर ७० च्या खाली आणि कीटोन १.८ असं दिसलं तर आधी काय?

प्रतिसाद

आधी साखर वर आणायची, आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन. इन्सुलिन किती द्यायचं ते त्यांनाच ठरवू द्या.